सॅक्सोफोनला नवीन आहेस? आधी फुंक जमू दे

अरे चिरका आवाज येतोय म्हणून घाबरू नकोस, सुरुवातीला सगळ्यांचं तसंच होतं. वाद्य पितळेचं असलं तरी आवाज काढते ती माउथपीसवरची (तोंडात धरायच्या भागावरची) बोरूची पातळ पट्टी, म्हणजे रीड, ती थरथरते आणि नळीतली हवा घुमायला लागते. भोकं सगळी बंद केलीस की हवेचा खांब लांब, सूर खाली, आणि खालून एकेक उघडत गेलास की सूर चढतो. डाव्या अंगठ्याची ऑक्टेव्ह की दाबलीस की त्याच बोटांनी वरच्या सप्तकातला तोच स्वर, एवढं कळलं तरी आत्ता पुष्कळ.

चुका सगळे याच करतात:
- रीड चावणं. खालचा ओठ दातांवर घे, वरचे दात माउथपीसवर नुसते टेकव. जबडा आवळलास की सूर चढतो नाहीतर किंचाळतो.
- ३ नंबरची, म्हणजे जास्त कडक रीड घेणं. २ ची, मऊ घे, लावण्याआधी तोंडात ओली कर.
- गाल फुगवणं.

गाण्यांच्या मागे लगेच लागू नकोस रे. डाव्या हाताची तीन बोटं ठेवून जी (G) हा स्वर लाव आणि रोज १० मिनिटं तो एकच सूर लांब धर, गाणारे खर्ज लावून बसतात ना अगदी तसा, सूर हलायचा थांबला की मग बोटांचं बघू.