मार्चमधलं रान हिरवं नसतं
वाचकांचे प्रश्न : छोटे देखावे (डायोरामा) आणि किल्ले

प्रश्न : सांगशाकच्या लढाईतले (मार्च १९४४) मराठा लाइट इन्फन्ट्रीचे चार जवान १:३५ मापात (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे) केले आहेत. फिगर्स बऱ्या जमल्यात, पण भोवतीचं जंगल खेळण्यातलं वाटतं. मत्स्यालयाच्या दुकानातली प्लास्टिकची झाडं आणून रंगवली, तरी फरक नाही. फोटो सोबत जोडला आहे. काय करू?
– एक वाचक, सिडको

फोटो भिंग लावून पाहिला. फिगर्स बऱ्या नाहीत, चांगल्याच आहेत. ब्रेनगन (हलकी मशीनगन) धरलेल्या जवानाच्या मानेचा ताण तर फार छान पकडलाय. जंगलाबद्दल मात्र सरळच बोलतो. तुम्ही आधी झाडं आणली आणि मग ती कुठे लावायची ते ठरवलंत. मी उभं आयुष्य नाटकांचं नेपथ्य केलं. कालिदास कलामंदिरात पडदा उघडला की पहिल्या रांगेतला माणूस झाड खोटं आहे म्हणून कधी तक्रार करत नाही. ते चुकीच्या प्रवेशात उभं असलं की मात्र त्याला लगेच खटकतं. तेव्हा आधी महिना ठरवा आणि जागा ठरवा. हिरवा रंग त्यानंतर.

महिना तुमच्या पाटीवरच लिहिलाय, मार्च. म्हणजे पावसाला अजून अवकाश. सांगशाक हे मणिपूरमधलं डोंगरमाथ्यावरचं गाव. ५० क्रमांकाच्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठ्यांची चौथी बटालियन तिथे जपान्यांशी लढली. खाली कातळ असल्यामुळे खंदक खोल खणता येईनात आणि पाण्याची तर टंचाईच होती. अशा जागी तुम्ही केळी आणि ओलेगार नेचे लावलेत! तिथे हवा उघडा, खडकाळ उतार, वाळकं गवत, धुळीने माखलेली झुडपं आणि कडेला एखादं बांबूचं बेट.

सागवनच दाखवायचं मनात असेल तर पाटीवरचं ठिकाण बदला आणि ब्रह्मदेशातल्या चिंदविन नदीच्या खोऱ्यातली गस्त करा. तिथे साग भरपूर. आणि ब्रह्मदेशातला साग नि आपल्या पेठ-हरसूलकडचा साग एकाच जातीचा, त्यामुळे अभ्यासाला नाशिकहून एसटीने जाता येतं. उन्हाळा लागला की पेठ रस्त्याला जाऊन बघा. सागाची पानं खाली आलेली असतात. रान तपकिरी, करडं, मध्येच पिवळट. हिरवं शोधावं लागतं. पाऊल टाकलं की कुरकुर आवाज होतो, आणि गस्तीवरच्या माणसाला त्या आवाजाची धास्ती किती असेल ते न सांगता कळतं. यात तुमचा आणखी एक फायदा आहे. १९४४ साली आपल्या जवानांच्या अंगावर जंगलग्रीन कपडे होते. हिरव्या झाडोऱ्यात हिरवी फिगर बुडून जाते, वाळक्या पानांवर ती उठून दिसते.

आता मापं. कात्री हातात घेण्यापूर्वी पट्टी घ्या. १:३५ ला पावणेदोन मीटरचा माणूस ५० मिलिमीटर होतो. सागाचं ३० ते ४५ सेंटिमीटरचं पान ९ ते १३ मिलिमीटर, बांबूचं १५-२० सेंटिमीटरचं पान ४ ते ६ मिलिमीटर आणि २५ मीटरचं झाड सत्तर सेंटिमीटरच्या वर. एवढं झाड तुमच्या काचपेटीत मावणार नाही, म्हणून ते पुरं करूच नका. नुसता बुंधा करा आणि पेटीच्या छतापाशी कापून टाका. फोटोत तुमचा साग जवानाच्या दुप्पट उंच आहे आणि वर गोल झुपका. तो साग नाही, कुंडीतलं रोप आहे.

सागाची पानं अशी करा. भांडी बाजारातून बारीक पितळी नळीचा तुकडा आणा. तोंड पकडीने चेपून डोळ्याच्या आकाराचं करा आणि आतून-बाहेरून कानस मारून धार काढा. झाला पान पाडायचा ठसा. खाली जाड रबर, त्यावर जुन्या खाकी पाकिटाचा कागद, वरून हातोडीचा हलका ठोका. संपलेल्या बॉलपेनने मधली शीर दाबा. मग पानं ओलसर करून तळहातावर चुरगाळा आणि तशीच वाळू द्या. गळलेलं पान सपाट नसतं, कडा आत वळलेल्या असतात. सगळी एका रंगाची ठेवू नका. काही चहाच्या पाण्यात बुडवा, काहींना करडा हात द्या, थोडीशी तशीच राहू द्या. जमिनीवर आधी वाळका पाला मिक्सरमधून काढून, चाळून पसरा आणि त्यावर ही पानं टाका. घरच्यांना विचारूनच मिक्सर घ्या.

बांबूला खराट्याची काडी घ्या. दीड ते तीन मिलिमीटर जाडी म्हणजे १:३५ ला पाच ते दहा सेंटिमीटरचा बांबू, नेमका. दर सेंटिमीटरभर अंतरावर शिवायच्या दोऱ्याचा एक वेढा आणि फेविकॉलचा थेंब, की पेर दिसतं. एका बेटात सगळे बांबू उभे ठेवू नका. काही वाकलेले, एक मोडून दुसऱ्यावर रेललेला, बुडाशी जुने कापलेले खुंट. वाळक्या गवताला जुन्या केरसुणीची पाती उभी चिरा किंवा सुतळी उकलून तिचे धागे घ्या. रानवेलीला तीच सुतळी, आत बारीक तार घालून पिळलेली. दुकानातले लेझरने कापलेले कागदी पानांचे संच वाईट नसतात, पण साग आणि आपली झुडपं त्यात क्वचितच सापडतात. पैसे तिथे घालवू नका, चांगल्या ब्रशवर घालवा.

रंगवताना प्रकाश वरून येतो एवढं धरून चाला. सगळ्यावर आधी गडद तपकिरी फवारा द्या, मग वरच्याच बाजूने फिकट रंगाचा. पानांच्या खाली आपोआप सावली राहते. शेवटी कोरड्या ब्रशने धूळ. ती फक्त पानांना नको, बुटांनाही हवी. नाहीतर जवान रानात न जाता छावणीतून फोटोला आल्यासारखे दिसतील.

प्लास्टिकची झाडं मत्स्यालयालाच परत द्या.

प्रश्न : मला पावसाळ्यातलंच रान करायचं आहे. नेचे आणि केळीची पानं कागदाची करता येतात का?
– एक वाचक, इंदिरानगर

येतात. मोटार वाइंडिंगवाल्याकडून बारीक तांब्याची तार मागून आणा. मास्किंग टेपच्या दोन पट्ट्यांमध्ये तार चिकटवा. तीच मधली शीर. केळीचं दोन मीटरचं पान १:३५ ला ५७ मिलिमीटर. कडेपासून शिरेपर्यंत चिरा द्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या. वारा मोजून फाडत नाही. नेच्यासाठी तशीच अरुंद पट्टी घेऊन दोन्ही बाजूंनी टोकाकडे झुकणारे तिरके काप द्या, दर कापागणिक चिमूटभर कागद काढून टाका, टोक निमुळतं करा. वर फेविकॉलचं पातळ पाणी फिरवून बोटाने बाक द्या. कोवळा नेचा पिवळसर हिरवा, तर बुडाजवळचा जुना तपकिरी आणि झुकलेला. प्रत्येक झुडपात एकतरी मेलेलं पान असू द्या. केळीला किंचित चकाकी चालते. बांबूला नको.

प्रश्न : अंजनेरीहून आणलेलं शेवाळ डायोरामात लावलं होतं. दोन महिन्यांत त्यावर बुरशी आली. पेटीत डांबरगोळ्या ठेवू का?
– एक वाचक, नाशिक रोड

डांबरगोळ्या मुळीच नकोत. नॅप्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं आणि तुमच्या फिगर्स त्याच प्लास्टिकच्या असणार. बुरशी धरलेला भाग काढून टाका. नवीन शेवाळ गरम पाण्यातून काढा, कडक उन्हात पुरतं वाळवा, मग पातळ फेविकॉलने सगळीकडून बंद करा. चहाचा चोथा वापरत असाल तर त्यालाही हेच. पेटीच्या कोपऱ्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या दडवा.

आणि शेवाळ अंजनेरीहून आणू नका. तो राखीव भाग आहे. तिथल्या कातळांवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, तिला नावच अंजनेरीवरून मिळालंय. तुम्ही शेवाळच खरवडणार हे मान्य, पण त्याबरोबर काय उपटून येतं ते आपल्याला ओळखता येत नाही. तुमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली पावसाळ्यात हवं तेवढं मिळेल.

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतो, पण मावळे त्यात दिसतच नाहीत. काय करू?
– एक वाचक, पंचवटी

अळीव सगळीकडे पेरू नकोस. तो पायथ्याला आणि ओढ्याच्या कडेला पेर, दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी. फार आधी पेरलास तर उंच होऊन आडवा पडतो. वरच्या उतारांवर नुसती माती ठेव आणि सुतळीचे बारीक तुकडे खोच, कारण दिवाळीपर्यंत डोंगरावरचं गवत पिवळं पडू लागलेलं असतं. चिंचेच्या बारीक फांद्या झाडं म्हणून छान दिसतात, पण पानं लवकर गळतात, म्हणून त्या पाडव्याला बदल. मावळे तटावर आणि वाटेवर उभे कर. एक-दोन अळिवात अर्धे लपव, आणि आईला शोधायला सांग.