कामासाठी बाहेर जाण्यामुळे खेड्यांत एचआयव्हीचा धोका का वाढतो?

आधी एक क्लिअर करते, प्रवासाने एचआयव्ही होत नाही, एका खोलीत राहून, एका ताटात जेवूनही नाही. धोका वाढतो कारण माणूस सहा-आठ महिने घरापासून लांब, एकटा, हातात रोख पैसे आणि कंडोमबद्दल नीट कोणी कधी सांगितलेलंच नसतं. मग तो घरी आला की बायकोला लागण होऊ शकते, आणि ती बिचारी कंडोम वापरा म्हणाली तर उलट तिच्यावरच संशय, हे मला फार लागतं.

पण दरवेळी बाहेर जाणाराच दोषी असं अजिबात नाही. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नातालमध्ये जोडप्यांचा अभ्यास झाला होता, त्यात जिथे दोघांपैकी एकालाच लागण होती तिथे जवळपास 30 टक्के वेळा ती बाईला होती. म्हणजे मागे राहिलेल्यांनाही टेस्ट लागतेच.

आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते एचआयव्हीच्या गोळ्यांकडे. या गोळ्या मिळतात ते एआरटी सेंटर गावाकडे, काम भलतीकडे, गोळ्या संपतात, मुकादमाला कळेल म्हणून सुट्टी मागत नाहीत, की वायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) परत वाढतो. रोज गोळ्या घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, म्हणून निघण्याआधी जास्तीच्या गोळ्या मागून घ्या, ट्रीटमेंट कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. असुरक्षित संबंध आलाच तर 72 तासांच्या आत पेपच्या (संबंधानंतर लागण टाळण्यासाठीच्या) गोळ्या सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं बरं.