बचावपटूची कारकीर्द लिहिताना

आपण स्वीडनचा फुटबॉलपटू आंद्रेआस ग्रांक्विस्ट याच्या कारकिर्दीवर लिहायला घेतले आहे, तर सुरुवात गोलांच्या आकड्यांपासून करू नये, एवढे आधी सांगतो. हेल्सिंगबोर्ग, विगन, ग्रोनिंगेन, जेनोआ, क्रास्नोदार आणि 2018 मध्ये पुन्हा हेल्सिंगबोर्ग, ही क्लबांची नुसती यादीही फारशी उपयोगाची नाही. विगनमध्ये जम न बसलेला हा मध्य बचावपटू ग्रोनिंगेनमध्ये कसा स्थिरावला, ते शोधावे.

नोव्हेंबर 2017 मधील इटलीविरुद्धचा मिलानचा सामना, म्हणजे विश्वचषक पात्रतेच्या दोन लढतींपैकी दुसरी लढत, मात्र संपूर्ण पाहावा. पहिल्या लढतीतील 1-0 ही आघाडी राखायची असल्याने स्वीडनने तेथे बहुतेक वेळ आपल्याच गोलक्षेत्राभोवती काढला आणि गोलशून्य बरोबरी साधून विश्वचषक गाठला. पाहताना नजर चेंडूवर न ठेवता, कर्णधार ग्रांक्विस्ट कोठे उभा राहतो आणि शेजारच्या मध्य बचावपटू लिंडेलॉफपासून किती अंतर राखतो, याची टिपणे करावीत.

2018 च्या विश्वचषकात दक्षिण कोरिया आणि मेक्सिको यांच्याविरुद्ध त्याने पेनल्टीवर केलेले गोलच लोकांच्या लक्षात राहिले (बचावपटूच्या नशिबी हे असेच!), परंतु स्वीडनच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा ‘गुल्दबोलेन’ पुरस्कार त्याला त्याआधीच, 2017 मध्ये मिळाला होता.