सीटपोस्ट हलत नसेल तर ती कार्बन फ्रेम घेऊ नका

तुमचा प्रश्न वाचला. राहायला गोव्यात फोंड्याला, सायकल चालवायची चोर्ल्याकडे आणि वाळपईच्या तांबड्या मातीत, आणि पुण्याचा एक जण त्याची वापरलेली कार्बन फ्रेमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) नव्या अलॉयच्याच, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या सायकलच्याच, किमतीत देतोय. इथे सगळे वजनावर बोलले. मी मात्र सीटपोस्टबद्दलच्या, म्हणजे सीटखालच्या फ्रेममध्ये उतरणाऱ्या दांडीबद्दलच्या, तुमच्या एका वाक्याशी थांबलो: ‘सीटपोस्ट थोडी जॅम आहे, तेल सोडलं की सुटेल असं मालक म्हणतो.’ माझं सगळं दुखणं नेमकं इथूनच सुरू झालं होतं, म्हणून एवढं लांब लिहितोय.

अशा फ्रेममध्ये सीटपोस्ट बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची असते. कार्बन वीजवाहक आहे. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली, की अ‍ॅल्युमिनियम गंजायला लागतं. त्याची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि पोस्ट आतच आवळली जाते. मग वरून तेल सोडून फारसं काही होत नाही. तापवून सोडवायचाही मार्ग नाही, कारण उष्णतेने कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन खराब होतं. घामाचं मीठही यात भर घालतं, त्यामुळे सायकल पुण्याची असली तरी निर्धास्त राहू नका. आणि आपल्याकडे तर खारं वारं, वर चार महिने पाऊस.

माझी पोस्ट अशीच अडकली तेव्हा मी सायकल अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही. ठेवताना फ्रेमचे चारी बाजूंनी फोटो काढले होते, तडा कुठेही नव्हता. त्यांनी पोस्ट व्हाइसच्या शिकंज्यात पकडली आणि फ्रेमच धरून पिळली. हे मला तिथल्याच एका मुलाने नंतर सांगितलं. सायकल परत आली तेव्हा पोस्ट आवळणाऱ्या क्लॅम्पच्या खाली केसाएवढी चीर होती. विचारलं तर म्हणे आधीपासून असेल. फोटो दाखवले तर म्हणे कंपनी ठरवेल. कंपनीने फ्रेम राज्याबाहेर मागवून घेतली, चवथीच्या आधी गेलेली फ्रेम दिवाळी उलटल्यावर आली, सोबत एक ओळ: आघातामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही. तपासलं कुणी, कसं तपासलं, काही नाही. लेखी अहवाल मागितला तर दुकान कंपनीकडे बोट दाखवायचं आणि कंपनी दुकानाकडे. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या चिरेबद्दल एकानेही स्वतःच्या सहीने दोन ओळी लिहून दिल्या नाहीत, याचा राग अजून जात नाही.

आता तुमच्यापुरतं. मालकाला सांगा, पोस्ट आधी काढून दाखव, मग पैसे. त्याच्या खर्चाने, त्याच्या जोखमीवर. निघाली तर सीट ट्यूबच्या, म्हणजे पोस्ट जिच्यात बसते त्या नळीच्या, तोंडाशी आतून बोट फिरवून बघा, चीर किंवा सुटलेले धागे आहेत का. चेनस्टेची, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांची, आतली बाजूही बघा: टायर आणि फ्रेममध्ये जागा कमी असेल तर जांभ्याची रेताड माती तिथे अडकून कार्बन सॅंडपेपरसारखा घासत जाते. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचं बेअरिंग) प्रेसफिट, म्हणजे दाबून बसवलेला, आहे की आट्यांचा, तेही विचारा. आमच्या पावसात मला आट्यांचाच बरा वाटतो. आणि वॉरंटी बहुतेक ब्रँड पहिल्या मालकालाच देतात, तेव्हा ‘वॉरंटी बाकी आहे’ या बोलण्याला किंमत देऊ नका.

माझं मत विचाराल तर अलॉय. रेस करणाऱ्यांना हे पटणार नाही आणि त्यांचंही चुकत नसेल. मी मेकॅनिक नाही, कुठल्या दुकानाशी माझा संबंध नाही. कार्बन कच्चा असतो असंही मी म्हणत नाही. उलट जाणकार माणूस कार्बनची चीर घासून, नवे थर चढवून दुरुस्त करू शकतो. तडकलेली ६०६१ ची (सायकलींत नेहमी दिसणारा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू) अलॉय फ्रेम मात्र खिडक्या-ग्रिलवाल्याकडे वेल्ड करून चालत नाही, वेल्डनंतर तिला ताकद परत येण्यासाठी पुन्हा हीट ट्रीटमेंट लागते. पण तो जाणकार माणूस मला जवळपास सापडला नाही, तुम्हाला माहीत असेल तर हिशेब बदलेल. अलॉयची चीर बहुधा वेल्डजवळ येते आणि धुताना डोळ्यांना दिसते. कार्बनमध्ये दगडाचा मार आत बसला तर वरून नुसता रंग उडालेला दिसतो.

वजनातला फरक एकाच दर्जाच्या हार्डटेल फ्रेममध्ये साधारण अर्धा ते पाऊण किलोचा. तेवढ्यासाठी फोर्कवर, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनवर, तडजोड करू नका. हाताशी पैसे उरले तर चांगला, हवेवर चालणारा एअर फोर्क, २.४ इंची ट्यूबलेस टायर आणि एक टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) घ्या. सीट क्लॅम्पवर लिहिलेला आकडा, बहुतेक ठिकाणी ५ ते ६ न्यूटन-मीटर, तेवढाच आवळा. अलॉय फ्रेममध्ये अलॉय पोस्टला ग्रीस लावा, तीही अडकते. कार्बनला ग्रीस नाही, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट. पावसाळ्यात दर महिन्याला पोस्ट बाहेर काढून पुसा, सायकल उलटी करून सीट ट्यूबमधलं पाणी काढा, मगच परत बसवा. डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर जिच्यावर बसतो ती छोटी पट्टी) एक जास्तीचा बॅगेत ठेवा. वाळपईच्या पलीकडे अभयारण्याची हद्द लागते, तिथे वन खात्याला विचारल्याशिवाय आत शिरू नका.

आणि नवी घेतलीत तरी कुठल्याही सेंटरला ठेवताना जॉब कार्डवर ‘फ्रेमवर चीर नाही’ असं लिहून त्यांची सही घ्या. सही देत नसतील तर सायकल तिथून उचला.

पुण्याचा माणूस पोस्ट काढून दाखवायला तयार झाला तर सीट ट्यूबच्या आतले फोटो इथे टाका, बघून सांगतो.