पहिला उपकार कुणाचा घेशील?

बाळा,

परवा तुझ्या आईचा फोन आला. पुढच्या मंगळवारी सुटका आहे एवढं सांगितलं, आणि मग बराच वेळ तिला बोलताच येईना. ती मला भाऊ मानते, म्हणून मामाच्या हक्काने लिहितोय. पत्र आधी जेलच्या ऑफिसात वाचलं जाईल, ठाऊक आहे. वाचू देत, लपवण्यासारखं यात काही नाही.

मी सात वर्षं पक्का कैदी, म्हणजे शिक्षा लागलेला कैदी होतो. पहिल्यांदा सुटलो त्या सकाळी गेटबाहेर पांढरी गाडी उभी होती. जुनी पोरं. हार, पेढे, नवा कोरा मोबाईल, आणि शर्टाच्या खिशात कोंबलेले पाच हजार. बहीण एसटीने निघाली होती, अजून पोचायची होती. मी थांबलो नाही, गाडीत बसलो. रात्री बिर्याणी झाली. कुणी काही मागितलं नाही. तीन आठवड्यांनी एक जण घरी आला, चहा प्याला आणि उठता उठता म्हणाला, "ही बॅग दोन दिवस ठेव." नाही म्हणायला जीभच उचलेना. त्यांचं मीठ खाल्लं होतं ना! त्या बॅगेपायी मी पुन्हा आत गेलो, आणि बहिणीने दोन वर्षं मुलाकातीला येणं बंद केलं.

आत असताना आपण सगळेच शपथा घेतो. त्या खोट्या नसतात. पण बाहेर गुन्हा समोर येतो तो उपकाराच्या रूपात, म्हणून ओळखू येत नाही. गेटवर गाडी आलीच तर हात जोड, "आई येतेय" म्हण आणि तिथेच उभा राहा. ती दहा मिनिटं अवघड जातील. पण एकदा बिर्याणी खाल्ल्यावर नाही म्हणणं त्याहून कितीतरी अवघड असतं, हे मी भोगलंय.

आणि तुला हे जमेल असं मला का वाटतं, सांगू? राज्य सहकारी बँकेने 2022 मध्ये येरवड्यात 'जिव्हाळा' कर्ज सुरू केलं. 50,000 रुपयांपर्यंत, 7 टक्के व्याज, ना जामीनदार ना तारण, आणि हप्ता कैद्याच्या मजुरीतून. तू त्यातून धाकटीची फी भरलीस आणि कारखान्यात राबून कर्ज फेडलंस. आईने मला त्याची पावती दाखवली, देवघरात ठेवलीय तिने. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पैसे लागले की भाईकडे निरोप जायचा. तू कुणाचाही मिंधा न होता पैसे उभे केलेस. बाहेर आल्यावर लोक तुला काहीही म्हणोत, त्या पावतीवर तुझं नाव आहे.

कामाचं म्हणशील, तर सिक्युरिटी गार्डच्या नोकरीमागे लागू नकोस. खासगी सुरक्षा एजन्सीचा 2005 चा कायदा शिक्षा झालेल्याला गार्ड म्हणून घेऊ देत नाही. कंपन्या चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, तिथेही बहुतेक अडतं. दोन-चार नकार आले की माणूस म्हणतो, जगच आपल्याला नको म्हणतंय, आणि मग पांढरी गाडी आठवते. तुझ्या हातात सुतारकाम आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये रंधा मार, पगार शनिवारी. इथे कुणी तुझी कुंडली विचारणार नाही. आमचा एक जोडीदार आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला शिक्षा भोगून आलाय. औंध संस्थानाने 1939 मध्ये वसवलेली ती खुली वसाहत. भिंत नाही, कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. तो सांगतो, बाजारात भाजी विकायला जायचो आणि आपल्या पायांनी परत यायचो. वर्कशॉपची किल्ली मी त्याच्याकडे देतो, ते याच कारणाने.

गणपती किंवा निवडणूक आली की पोलीस स्टेशनला बोलावणं येईल. चॅप्टर केस, म्हणजे खबरदारीची कारवाई करतील, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतील. राग येईल, कारण तू काहीच केलेलं नसेल. तरी लपू नकोस. मला सांग, आपण दोघं जाऊ, सोबत वकील घेऊ. न गेलास तर 'फरार' हा शब्द चिकटायला वेळ लागत नाही. आणि बाँड लिहून दिल्यावर किरकोळ मारामारीतही सापडलास, तर बाँड मोडला म्हणूनही कारवाई होऊ शकते.

ज्याला तू जखमी केलंस, त्याच्या दारात माफी मागायला जाऊ नकोस. मन हलकं होईल ते तुझं. त्याला मात्र दार उघडल्या उघडल्या तो दिवस आठवेल. तुझा चेहरा बघायचा की नाही, हे त्याला ठरवू दे. तोवर त्या गल्लीतून जाणंही टाळ.

संध्याकाळ मात्र सांभाळ. सहा ते दहा. आत बंदी झाली, म्हणजे बराकीला कुलूप लागलं, की दिवस संपायचा, बाहेर तेव्हाच नाका भरतो. मी ती वेळ बहिणीच्या पोरांचा अभ्यास घेण्यात घालवली. मला त्यातलं अर्धं येत नव्हतं, पोरंच मला शिकवायची.

आणखी एक. दुसऱ्यांदा सुटलो तेव्हा बहिणीच्या घरी तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बराकीत रात्रभर दिवा असतो ना, अंधाराची सवयच मोडलेली. कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. चौथ्या रात्री बहिणीने न विचारता झिरोचा बल्ब लावला. तुलाही असं काही झालं तर आईला सांग, मनात ठेवू नकोस. तिला मी बल्ब आणून ठेवायला सांगितलंय.

मंगळवारी सकाळी सातपासून आम्ही दोघं गेटसमोरच्या झाडाखाली असू. उशीर झाला तरी हलणार नाही. आतल्या प्लास्टिकच्या चपला तिथेच टाक, मी नव्या आणतो. पायाचा नंबर कळव.

तुझा,
मामा