शिक्षकाच्या नोकरीसाठी बायोडाटा कसा लिहावा?

प्रश्न : मी बी.एस्सी., बी.एड. असून टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर उत्तीर्ण आहे. लग्नाआधी एका खासगी शिकवणी वर्गात गणित व विज्ञान शिकवले. त्यानंतर मुलगी लहान असल्यामुळे चार वर्षे घरीच होते. आता नागपुरातील अनेक शाळांत बायोडाटा देऊन आले, पण कुठूनही मुलाखतीचे बोलावणे नाही. बायोडाटा सोबत पाठवत आहे. त्यात काय चुकते?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपण पाठवलेला बायोडाटा काळजीपूर्वक वाचला. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अनुदानित शाळांतील शिक्षकभरती २०१७ पासून राज्य सरकारच्या ‘पवित्र’ या ऑनलाइन भरती पोर्टलमार्फत आणि अभियोग्यता चाचणी या टीईटीहून वेगळ्या परीक्षेच्या गुणांवर होते. तेथे मुलाखतीची पायरी येण्याआधी बायोडाट्याला फारसे महत्त्व नसते. स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदान न घेणाऱ्या) आणि सीबीएसई शाळा मात्र आपली निवड स्वतः करतात, आणि आपला बायोडाटा खऱ्या अर्थाने वाचला जातो तो तिथेच.

आपल्या पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि पूर्ण पत्ता यांनी व्यापला आहे, तर ‘टीईटी उत्तीर्ण’ हे शब्द दुसऱ्या पानाच्या तळाशी आहेत. मुख्याध्यापकांना पहिल्या नजरेत हवे असते ते एवढेच, की ही व्यक्ती कोणता विषय, कोणत्या माध्यमातून, कोणत्या इयत्तांना शिकवू शकते आणि त्यासाठी तिची अर्हता पुरेशी आहे का. टीईटीचा दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी असतो आणि आपल्या बी.एस्सी., बी.एड.मुळे नववी-दहावीच्या गणित-विज्ञानासाठीही आपला विचार होऊ शकतो. म्हणून नाव आणि फोन क्रमांकाखालची पहिलीच ओळ ‘गणित व विज्ञान, इयत्ता सहावी ते दहावी’ अशी असू द्या, आणि तिच्याखाली माध्यम व अर्हता लिहा. जात-धर्माचा तपशील येथे कोणी मागितलेला नाही, तो काढून टाका.

सर्वांत कमकुवत आहे तो अनुभवाचा भाग. ‘कष्टाळू, प्रामाणिक, मुलांची आवड’ हे प्रत्येक अर्जात असते आणि त्यावरून आपण वर्गात कशा शिकवता याचा काहीच बोध होत नाही. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. त्या काळाविषयी आपण फक्त ‘इंटर्नशिप पूर्ण’ असे दोन शब्द लिहिले आहेत, याचे मला खरोखर वाईट वाटले. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘आठवीला प्रकाशाचे परावर्तन शिकवताना प्रत्येक गटाला सपाट आरसा देऊन आपाती व परावर्तित कोन कोनमापकाने मोजून घेतले, पाठाचे टाचण, शैक्षणिक साहित्य आणि घटक चाचणी स्वतः तयार केली.’ अर्थात आपण जे प्रत्यक्ष केले तेवढेच लिहा, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतील आणि कदाचित तोच पाठ घेऊन दाखवायला सांगतील. शिकवणी वर्गाचा अनुभवही याच पद्धतीने मांडा : कोणती इयत्ता, कोणते मंडळ, वर्गात साधारण किती मुले.

चार वर्षांचा खंड झाकण्यासाठी तारखा गाळू नका. ‘अपत्य संगोपनासाठी विराम’ एवढी एक ओळ पुरेशी आहे; या काळात टीईटी दिली असेल किंवा शेजारच्या मुलांना शिकवले असेल, तर तेही वर्षासह नोंदवा.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठी बायोडाटा इंग्रजीतच द्यावा आणि एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी कोणत्या भाषेतून आपण सहजपणे शिकवू शकता हेही त्यात लिहा, कारण आपल्या शहरात एकाच वर्गात मराठी आणि हिंदी बोलणारी मुले शेजारी बसतात. सगळे मिळून दोन पानांपेक्षा अधिक होऊ देऊ नका.

अर्जाची वेळही पाळा. सीबीएसई शाळांचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने तेथे जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज पोहोचलेला बरा. विदर्भातील राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, त्यांच्यासाठी एप्रिल-मेमध्ये प्रत्यक्ष जाऊन मुख्याध्यापकांना भेटावे.