शेवाळावर पोट भरतं का?

प्रश्न : मुलगी सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी डभोईकडच्या एका गावतळ्यातून तिने ‘कारा’ नावाचं शेवाळ आणलं, तेव्हापासून खिडकीत नुसत्या बरण्याच बरण्या. दुर्मीळ शेवाळं आणि त्यांची तळी वाचवायची, हेच करणार म्हणते. तिचे बाबा म्हणतात, मुकाट बी.एड. कर. – एक आई, रावपुरा, बडोदे

उत्तर : ताई, नुसतं शेवाळ वाचवायला नेमणूक अशी जवळजवळ कुठे निघत नाही. तिच्या बाबांची धास्ती खोटी नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळ बघून त्याची जात खात्रीने सांगणारी माणसं फार थोडी आहेत, आणि पोट त्यावर भरतं. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया, भावनगरची सीएसएमसीआरआय (मीठ आणि समुद्री रसायनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था), पाण्याच्या प्रयोगशाळा, प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या कंपन्या, यांना अशी नजर लागते. डीएनए तपासणी आली तरी जुळवून बघायला आधी कुणीतरी नीट ओळखलेला नमुना लागतोच. म्हणून एम.एस्सी. बॉटनीच करू दे. ‘स्कोप’ आहे म्हणून बायोटेकला ढकलू नका.

कारा हातात धरून पाहा, खरखरीत लागेल. अंगावर चुना साठतो तिच्या. ती तळाशी वाढते, त्यामुळे ऊन तळापर्यंत पोचायला हवं. सांडपाणी नि खतं तळ्यात उतरली की वर तरंगणारं बारीक शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं आणि खाली अंधार. मग कारा जाते. तिचे बीजाणू मात्र गाळात वर्षानुवर्षं टिकतात. पाणी निवळलं तर पुन्हा रुजूही शकतात. सुशोभीकरणाच्या नावाखाली सगळा गाळ उपसतात ना, तेव्हा हा साठाही ट्रकमधून जातो! म्हणजे संवर्धन बरणीत कमी आणि नाल्याच्या तोंडाशी, पंचायतीत, पालिकेत जास्त. दिवसभर लेन्सला डोळा लावून मग सरपंचांशी बोलायची तिची तयारी आहे का, हे तिला विचारा. माझ्या मते खरी परीक्षा तीच.

जपानमध्ये आकान तळ्यातल्या मारिमो या गोल गोळ्यांसारख्या शेवाळाला 1921 मध्येच सरकारी संरक्षण मिळालं. आपल्याकडे डभोईजवळचं वढवाणा तळं 2021 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं, ते मुख्यतः पक्ष्यांमुळे. शेवाळाला कोण विचारतो! तिथून नमुना घ्यायचा तर वनखात्याची लेखी परवानगी आधी, हे तिला बजावून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. परीक्षा अवघड आहे, पहिल्या फटक्यात निघेलच असं नाही. म्हणून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच अभ्यास हवा, आणि उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या पाण्याच्या लॅबमध्ये काम. एम.एस्सी.नंतर दोन वर्षांत नेट निघालं नाही तर बी.एड.चा फॉर्म भरायचा, असं बाबांसमोर आत्ताच ठरवून टाका. बरण्या तोवर राहू द्या, फक्त दुपारच्या उन्हातून हलवा. पाणी तापलं की कारा सडते आणि वास घरभर होतो.